भिवापूरला ठेवलेली प्रत

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. संकट कोसळले तर एक अख्खी कंपनी पुन्हा उभी करण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी होते. सध्या माझा हातभर तुकडा एका कूलरच्या जाळीला बांधलेला आहे. कूलर हवा फेकतो की नाही, हे गिऱ्हाइकाला माझ्या फडफडण्यावरून कळते.

गाणी वाजवणारी टेप ती मी नव्हे. मी कॉम्प्युटरची. थाळीएवढ्या चाकावर गुंडाळलेली, तपकिरी आणि चकचकीत. सन शहाऐंशीच्या जानेवारीत मी नागपुरात 'हिमगौरी कूलर' या कंपनीच्या एका खोलीत दाखल झाले. त्या खोलीला एसी होता. कॉम्प्युटरला कूलरची दमट हवा चालत नाही, असे विकणाऱ्याने बजावले होते. मालक ताराचंद शेठजींनी ही गोष्ट गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवली होती आणि पुढे स्वतःही विसरून गेले होते.

थंडीत बुकिंग केले की कूलर कमी भावात मिळे आणि उन्हाळा लागताच घरपोच येई. म्हणून शहरातल्या महाल भागापासून बाहेरच्या खापरखेड्याच्या कॉलनीपर्यंतचे लोक स्वेटर घालून कूलर बुक करत. त्यांची नावे, पत्ते, कोणाला केवढा कूलर, हे सारे प्रेमिला रामटेके कॉम्प्युटरमध्ये भरत असे. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली ही मुलगी बी.कॉम. होती, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली होती आणि टेंपररी होती. माहिती आत गेली की कागदी प्रती रद्दीत जात. कॉम्प्युटर घेतल्याचे समाधान शेठजींना त्या रद्दीकडे पाहूनच मिळे.

मॅनेजर महादेवराव मात्र दूरदृष्टीचे. त्यांनी एक आपत्ती योजना तयार केली. तीत आग, पूर, भूकंप आणि शत्रूचा हल्ला यांचा विचार होता. उन्हाळ्याचा नव्हता. बुकिंग बंद झाले की सगळ्या माहितीची एक प्रत शहराबाहेर ठेवावी, असे तीत लिहिले होते. ती प्रत म्हणजे मी.

फेब्रुवारीत प्रेमिलाने सगळी माहिती माझ्यावर उतरवली. शेठजींनी नारळ फोडला. हळदकुंकू माझ्या खोक्याला लागले. मलाही लागणार होते, पण प्रेमिलाने मध्ये हात घातला. इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

महादेवराव मला घेऊन एसटीने भिवापूरला गेले. तिथे त्यांची आई रुखमाबाई राहत होती.

"आई, हे जपून ठेव."

"काय हाय गा हे?"

"कंपनीची फीत हाय. उघडून पाहू नको," महादेवराव म्हणाले, आणि परतीची बस धरायला निघून गेले.

आता मित्रांनो, रुखमाबाईचे काय चुकले ते तुम्हीच सांगा. गावात कंपन्यांचे लोक येत. खताची कंपनी टोपी देई, बियाण्याची कंपनी कॅलेंडर देई. तिच्या शेतात मिरची पिकली होती, पोपटांचे थवे उतरत होते. जुन्या कॅसेटची फीत काठ्यांना ताणून बांधायची, ती उन्हात चमकते, वाऱ्यात गुणगुणते आणि पोपट पळतात, ही रीत तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. एवढी रुंद फीत मात्र गावात कोणी पाहिली नव्हती. माझ्यावर महालातले आणि खापरखेड्यातले हजारो पत्ते होते. ते घेऊन मी दोन महिने मिरचीवर गुणगुणत राहिले. काम मला आवडले, हे सांगायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये नागपुरात एसी बिघडला. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता.

"आपण काय विकतो, महादेवराव?" शेठजींनी विचारले. "लावा खिडकीत आपला मोठा कूलर."

"शेठजी, याले दमट हवा चालत नाही," प्रेमिला म्हणाली.

"नागपूरले चालते, त्याले काहून नाही चालणार?"

कूलर उत्तम चालला. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरची डिस्क खलास झाली आणि तिच्याबरोबर सगळे बुकिंगही.

शेठजींनी प्रेमिलाला बोलावले. "टेपवरून सगळं परत आलं तर तू पर्मनंट. नाही आलं तर कॉम्प्युटर विकून टाकतो. मग तुले ठेवून काय करू?"

दुसऱ्या सकाळी महादेवराव भिवापूरला पोचले. दुरूनच शेत चमकत होते.

"आई, हे काय करून ठेवलं वं?"

"काहून? एक पोपट बसला नाही. तुह्या कंपनीले म्हण, अजून एक धाडा."

मी पिशवीत भरून नागपूरला आले. ऊन, धूळ आणि गाठी पाहून प्रेमिलाने मला मशीनवर चढवलेसुद्धा नाही. "हिच्यात आता मिरचीच हाय," एवढेच म्हणाली. खोलीत उकाडा फार, म्हणून ती खाली दुकानात, चालत्या कूलरपुढे जाऊन बसली.

तिथे गर्दी जमू लागली होती. कूलर घरी आला नाही म्हणून लोक भांडायला आले होते. पावती बहुतेकांनी हरवली होती, पण जो तो ओरडताना स्वतःचे नाव, गल्ली आणि कूलरचा आकार सांगत होता. प्रेमिला काही वेळ ऐकत बसली. मग तिने कागद ओढला.

"शेठजी, यांना गप्प करू नका," ती म्हणाली. "चिडलेला माणूस पत्ता बरोबर सांगते."

आठवड्याभरात बहुतेक सगळी नावे परत आली. काहींनी बुकिंग न करताच शिव्या दिल्या. कूलर त्यांनाही मिळाले. जे सभ्य होते ते घरी वाट पाहत बसले. त्यांचे अजून बाकी आहेत.

शेठजींनी शब्द पाळला. प्रेमिला पर्मनंट झाली, तक्रार विभागात. कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ आला आणि माझा एक तुकडा दुकानातल्या कूलरच्या जाळीवर. महादेवरावांनी योजनेत उन्हाळा घातला.

मित्रांनो, प्रत जरूर ठेवा, दूर ठेवा. पण ज्याच्या हाती ठेवाल त्याला ती काय आहे हे दोन वाक्यांत सांगा. आणि मधूनमधून ती चालते का, हेही पाहत जा. माझ्या या फाटक्या टोकाकडून एवढीच विनंती.

माझे फडफडणे पाहायला दुकानात यावे असे वाटत असेल तर थोडे थांबा. सध्या डिसेंबर आहे. कूलर बंद आहे.