दोघी सुखरूप

सासूबाईंना डोंगर चढवायची कल्पना माझी नव्हती, बायकोची होती. स्टुटगार्टहून अडीच तास गाडी, मग पाऊण तास चढ, आणि गुडघे एकाहत्तर वर्षांचे. मी म्हटलं, "स्मारकाच्या पाटीचा फोटो मागवू." उर्जा म्हणाली, "तू गाडी चालव." चालवली.

१९५४च्या जानेवारीत एक प्रवासी विमान बर्फाच्या वादळात वाट चुकून इथल्या कड्यावर आदळलं. एकही माणूस वाचला नाही. त्यात सासूबाईंचे वडील होते. जर्मनीतल्या एका कारखान्यात शिकायला आलेले, सव्वीस वर्षांचे इंजिनिअर.

घरात सांगितली जाते ती गोष्ट अशी. अकरा जानेवारीला साताऱ्यात सासूबाई जन्मल्या आणि तार गेली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप." लेकीचं तोंड बघायला बाप मिळेल त्या विमानात बसला आणि वाटेतच गेला. विमान कंपनीची तार ऐन बारशाच्या दिवशी दारात आली. तिच्यात अपघाताची तारीख नव्हती. अशा वेळी बातमी कळल्याचा दिवस धरतात, म्हणून त्याच तिथीला श्राद्ध सुरू झालं. आणि 'बापाला गिळून बसली' हे सासूबाई पाळण्यात असल्यापासून ऐकत आल्या. त्यांचा वाढदिवस कधी झाला नाही. उर्जाने एकदा पुण्यात केक आणला, तर त्या ताटावरून उठून गेल्या. हे बोलणारी माणसं कधीच वर गेलीत, नाहीतर मी चार शब्द ऐकवले असते.

चढावर धुकं दाटलं, पाऊस भुरभुरू लागला. मी परत फिरू म्हणालो.

"नाही श्रीरंगराव," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मला त्यांची माफी मागायचीय. मग खुशाल परत न्या."

मी हात पुढे केला.

पाटी दगडात बसवलेली होती. सासूबाईंनी बोट फिरवत वडिलांचं नाव शोधलं. मग बोट वर सरकलं आणि थांबलं.

"अहो, हा आकडा नऊ ना?"

"हो. नऊ जानेवारी."

"चुकलं असेल त्यांचं."

"आई, हे जर्मन लोक कचरा उचलायचीसुद्धा तारीख चुकवत नाहीत." मग मी खालची ओळ वाचून दाखवली. विमान नऊ तारखेला पडलं होतं, बर्फामुळे सापडलं अठराला. म्हणून तार उशिरा आली.

त्या बोटांवर मोजत राहिल्या. "म्हणजे आपली तार गेली तेव्हा..."

"ते नव्हतेच," उर्जा म्हणाली. "आई, ते तुझी तार वाचून निघालेच नव्हते गं."

मला वाटलं, आता त्या हसतील. सत्तर वर्षांचं ओझं उतरलं होतं. पण त्या ओल्या दगडावर मटकन बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. "म्हणजे मी झाले हे त्यांना कळलंच नाही."

मला फार वाईट वाटलं. मघाशी विनोद केल्याची लाजही वाटली.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. डोळे पुसले, पदर सारखा केला. माफीचं काही बोलल्या नाहीत. पाटीवर तळहात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बाबा, मुलगी झाली. अकरा तारखेला. दोघी सुखरूप."