नायगावच्या खोलीतली खरखर

मी अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. माझ्याच आवाजात बोलतोय, मागे लपून दुसरं कोणी बोलत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली कोण खरं वाजतंय आणि कोण नुसतं उभं आहे, काही सांगता येत नाही.

गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, एवढीच माझी ओळख. दुकानातले माझे भाऊबंद काळेभोर, चकचकीत, छातीवर कंपनीचं नाव मिरवणारे. माझ्यावर नाव नाही. मागच्या फळीवर खडूने 'वर' लिहून बाण काढलाय, आणि तो बाण खाली बघतोय. फळी उलटी बसली, ती तशीच राहिली.

मला बनवलं चिंतामणी राणे यांनी, नायगावच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. ते गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या एका मंडपवाल्याकडे लाउडस्पीकर दुरुस्त करायला लागले. त्यांचा मुलगा शिवा कॉलेजात असताना कुणाचीतरी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. तिचा आवाज डासाएवढा.

"बाबा, अ‍ॅम्प आणायला पाहिजे."

"आणायचा कशाला? करू."

रे रोडच्या वखारीतून प्लायवूडचे तुकडे आले. बंद पडलेल्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर आला. मंडपवाल्याने टाकून दिलेला स्पीकर आला. पुढून लावायला कापड नव्हतं, तेव्हा चिंतामणींनी बायकोची जुनी चॉकलेटी साडी कापली आणि तिचा तुकडा खिळ्यांनी ताणून बसवला.

"विचारून तरी घ्यायचंत!" नलू म्हणाली.

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"नसती दिली."

"म्हणूनच नाय विचारलं."

शिवाबरोबर आणखी दोघं होती. नूपुर कर्णिक दादरहून यायची, बेस गिटार वाजवायची. तिच्या घरी आजोबांपासून सगळे बँकेत नाहीतर मंत्रालयात. बेस म्हणजे काय ते तिथे अजून कुणाला समजलेलं नाही. आणि हेरंब, ड्रम वाजवणारा. खोलीत ड्रम मावायचे नाहीत, म्हणून तो नलूच्या पत्र्याच्या ट्रंकेवर वाजवायचा. तिघं पोटमाळ्याखाली बसून वाजवायची, म्हणून बँडचं नाव ठेवलं 'पोटमाळा'. गाणी मराठीत, चाल ब्लूजची. पाळीवरून परतणाऱ्या माणसाने जिना चढताना गुणगुणावं, तशी.

आता माझ्या आवाजाबद्दल. तो मुळात असा नव्हता. चिंतामणींनी गिरणीची एक रीत सोडली नव्हती. दसऱ्याला यंत्रं पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची. पहिल्याच दसऱ्याला माझीही पूजा झाली. इतर यंत्रांना हळदीकुंकवाचं बोट टेकलं जातं. मला साडीच्या कापडाने झाकलेलं, म्हणून नलूने कापडाचा कोपरा उचलून ओली हळद आणि अक्षता थेट आत, स्पीकरच्या कागदावर वाहिल्या. हळद सुकली. तांदळाचे तीन-चार दाणे तिच्यात अडकून बसले.

दुसऱ्या दिवशी शिवाने खालची जाड तार छेडली आणि माझ्या छातीतून खर्रर्र आवाज निघाला. चिंतामणी पेचकस घेऊन धावले. शिवा आडवा आला.

"बाबा, हात लावू नका! हाच आवाज पाहिजे."

"अरे, खराब झालाय तो."

"हो ना! मस्त खराब झालाय."

त्या खरखरीवर त्यांची पहिली सहा गाणी झाली. खोलीत, एका मायक्रोफोनवर. गाण्यात ट्रंक ऐकू येते, गॅलरीतून ओरडणारी शेजारीण ऐकू येते. लोकांना तेच आवडलं. परळच्या, डिलाईल रोडच्या पोरांना वाटलं, हे आपल्याच घरात कुणीतरी वाजवतंय.

आवडलं म्हणून माणसं आली, आणि माझा संशय तेव्हापासूनचा. माणसांना एखादी वस्तू सोडून जायची असली की आधी ती तिचं फार कौतुक करतात. जगदीश नावाचा मॅनेजर आला. माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "काय कॅरेक्टर आहे यार या डब्यात!" पुढच्या महिन्यात बँड लोअर परळच्या एका एसी स्टुडिओत गेला आणि मी पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखराखाली.

दुसरा अल्बम मी वरूनच, खाली वाजणाऱ्या शिवाच्या मोबाइलवर ऐकला. धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला. नूपुर तेव्हा खोलीत आली होती. एक गाणं संपेपर्यंत ती उभीच होती.

"शिवा, हे मी वाजवलेलं नाही."

"तूच वाजवलंयस."

"मी दुसऱ्या कडव्यात उशिरा आले होते. मुद्दाम. इथे वेळेवर आलेय. कोणी आणलं मला वेळेवर?"

शिवा म्हणाला, "कॉम्प्युटरवर थोडं सरळ केलंय. सगळेच करतात गं."

ती त्या दिवशी बँड सोडून गेली. नंतरच्या वर्षी चिंतामणी गेले. त्या दिवसांत खोलीत कोणी काही वाजवलं नाही. मीही धूळ खात पडलो, आणि मला ते बरंच वाटलं. धूळ खोटं बोलत नाही.

यंदा चाळ रिकामी करायची नोटीस लागली. नव्या इमारतीत जाईपर्यंत नलूला दुसरीकडे राहायचं होतं. नेमक्या त्याच महिन्यात शिवा जिना चढून आला आणि म्हणाला, "आये, आम्ही परत जुन्यासारखं, कच्चं करणार. याच खोलीत, याच अ‍ॅम्पवर. खोली जायच्या आधी."

मी ऐकलं आणि मनात म्हटलं, आता का? अल्बम खपेनासे झाले तेव्हाच बरी घराची आठवण झाली!

त्याने नूपुरला फोन केला. ती आली, पण चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"एक अट आहे," ती म्हणाली. "वाजवलं तेच बाहेर जाणार असेल तर मी येते. मागाहून एक सूर जरी बदललात, तर यापुढे मला फोन करायचा नाही. बँड म्हणूनही नाही, मित्र म्हणूनही नाही."

"शपथ," शिवा म्हणाला.

"शपथ नको. तू भरपूर घेतोस."

मला ती पोरगी तिथेच पटली. खोलीत माझ्याइतकी संशयी तीच होती.

दोन दिवसांनी जगदीश आला आणि मला पोटमाळ्यावरून खाली उतरवून माझे फोटो काढू लागला. कुठून उन्हाची तिरीप येते, कुठून धूळ दिसते, सगळं बघितलं. "पुसू नका हां याला, असाच पाहिजे," तो नलूला म्हणाला. एकदाही त्याने माझी वायर सॉकेटमध्ये लावून बघितली नाही. मी खूणगाठ बांधली: मला फक्त उभं करणार, वाजणार दुसरंच काहीतरी.

पण 'पुसू नका' हे वाक्य कोकणातल्या बाईला सांगून काय उपयोग? उद्या घरात पाहुणे येणार, कॅमेरा येणार, आणि नवऱ्याने हाताने केलेली वस्तू धुळीत? नलूने सकाळी पदर खोचला. खिळे काढले, साडीचा तुकडा साबणाने धुऊन गॅलरीत वाळत घातला आणि ओल्या फडक्याने मला आतून-बाहेरून पुसलं. स्पीकरचा कागद तर फार मायेने पुसला, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसा. हळद गेली. अक्षता गेल्या. काठाला कागद जरा दबला. मी ओरडणार कसा? मला वीजच लावलेली नव्हती.

दुपारी सगळे जमले. हेरंबने ट्रंक पुढे ओढली. जगदीशने माझ्यापुढे मायक्रोफोन ठेवला आणि तो खरंच रेकॉर्डिंगच्या छोट्या मशीनला जोडला. माझा अंदाज चुकला होता. शिवाने गिटार माझ्यात लावली, खालची तार छेडली.

खरखर नाही. जाडसर, किंचित बसलेला आवाज आला; सर्दी झालेल्या माणसाने हाक मारावी तसा. तेवढंच.

त्याने पुन्हा छेडली. बटणं फिरवली. मग वाकून कापडाचा वास घेतला आणि आईकडे बघितलं.

"आये, हे धुतलंस?"

"मग? कॅमेऱ्यात धूळ दिसली तर लोक काय म्हणतले?"

"आणि आत?"

"आतपण मीच पुसलंय. किती घाण होती रे! हळदीची पुटंच्या पुटं."

हेरंब ट्रंकेवर डोकं टेकून हसायला लागला. नलूच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ती आत गेली आणि हळदीची वाटी घेऊनच आली.

"परत लावतंय. तांदूळ किती घालू?"

शिवाने खरंच लावून बघितलं. ओल्या हळदीने माझ्या छातीतून बेडकासारखं डराव-डराव आलं. नूपुरसुद्धा हसली. मला हसू आलं नाही. शिवाने तो लगदा टिपून घेतला, आणि मी परत त्या बसलेल्या आवाजावर आलो.

मग जगदीश म्हणाला, "भाई, टेन्शन काय घेताय? पहिल्या अल्बममधली खरखर उचलतो आणि वर चढवतो. दहा मिनिटांचं काम. ओरिजिनलच आहे ना, याच डब्याची आहे."

मी शिवाकडे बघत होतो. त्याने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पोस्टरं लागली होती, 'पोटमाळा परतला' म्हणून. लोकांना तीच खरखर ऐकायची होती. नूपुरने बेस पिशवीत घातला, चेन अर्धी लावली आणि थांबली. घाई केली नाही. ती त्याला वेळ देत होती, आणि तो वेळ मला फार मोठा वाटला.

"याच डब्याची आहे," शिवा हळूच म्हणाला, "पण आजची नाही."

"अरे, कोणाला कळणार आहे?"

"हिला कळेल. मला कळेल." आणि मग जरा चिडून, "आईने पुसलाय ना? मग पुसलेला वाजवू. कच्चं म्हणजे जे आहे ते. जुनीच खरखर चिकटवायची असेल तर तोही मेकअपच झाला!"

नूपुरने चेन उघडून बेस परत बाहेर काढला.

खरं सांगतो, मला राग आला. ती खरखर म्हणजे मी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिच्याशिवाय मी कोण? पण तार वाजली, बेस खालून आला, मुद्दाम थोडा उशिरा आला, ट्रंक ठणकली, आणि त्या बसक्या आवाजात मी प्रथमच काहीतरी माझं ऐकलं. चिंतामणींनी बनवलं त्या दिवशी मी असाच असणार. त्यावर तेरा वर्षं चढलेली, एवढंच.

गाणं एका दमात झालं. मधेच कुकरची शिटी झाली. शिवाचा एक सूर घसरला. नलू दारात वाटी धरून उभी होती, ती शेवटपर्यंत हलली नाही.

संपल्यावर जगदीशने मशीनकडे हात नेला. त्याच्या आधी शिवाने त्यातलं कार्ड काढलं आणि नूपुरच्या हातात दिलं.

"तुझ्याकडे ठेव. तू ऐकून हो म्हणालीस, तरच बाहेर जाईल."

तिने कार्ड पर्समध्ये टाकलं. बेस परत मांडीवर घेतला आणि म्हणाली, "पुढचं गाणं घ्या."

त्या दुपारी दुसऱ्या कार्डावर आणखी चार गाणी झाली, आणि तेही तिच्याच पर्समध्ये गेलं. आता खोली रिकामी आहे. मला दोरीने बांधून दाराशी ठेवलंय. खाली टेम्पो उभा आहे. नलू मला बरोबर नेणार म्हणते. मी ऐकून घेतो. नवीन जागा लहान असते, माणसं पुन्हा विचार करतात.

दोन्ही कार्डं नूपुरकडे आहेत हे मी पाहिलंय. पण गाणं तिच्या पर्समधून तुमच्या कानापर्यंत यायचं तर मधे बरीच माणसं आहेत आणि बरेच कॉम्प्युटर. माझा तिच्यावर विश्वास आहे. शिवावर निम्मा. बाकी कुणावर नाही. म्हणून हे काम तुमच्यावर सोपवतो. गाणं आलं की मोबाइल बाजूला ठेवून नीट ऐका. बसका आवाज, उशिरा येणारा बेस, एक घसरलेला सूर आणि कुकरची शिटी, एवढं सापडलं तर ते आम्हीच. खरखर ऐकू आली, तर तो मी नाही.