सरांच्या फाइलला हात

यवतमाळच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या कंपनीत कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनचे कंट्रोलर बनत, आणि तिथे एका फाइलला देवाचा मान होता. मालक मधुसूदन सरांनी ती स्वतः लिहिलेली. साध्या सी भाषेतून प्रोसेसरच्या सिस्टिम रजिस्टरला, म्हणजे त्याच्या आतल्या नियंत्रणाच्या कप्प्याला, हात लावता येत नाही, असेंब्लीच्या सूचना लागतात. सरांनी त्या मॅक्रोंत बांधून ठेवल्या होत्या. एक मॅक्रो इंटरप्ट, म्हणजे चालू कामात मधेच घुसणारे इशारे, बंद करी, दुसरा चालू करी. मॅक्रोचं नाव लिहिलं की प्रीप्रोसेसर त्या जागी अख्खी सूचना चिकटवून देई. दसऱ्याला फाइलची प्रिंट काढून तिला हळदकुंकू वाहत. शुद्ध वेडेपणा, पण पगार देणाऱ्याच्या वेडेपणाला श्रद्धा म्हणायची रीत आहे.

नवी इंजिनिअर दीपा यंदा त्या दिवशी रजेवर होती. तिच्या घरचे दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. दुसऱ्या दिवशी सर हसून म्हणाले की तू पूजेला नव्हतीस, आता फाइल रुसणार तुझ्यावर. सगळे हसले. तिच्याच बॅचचा अनिकेतही हसला. दोघं प्रोबेशनवर होते आणि कायम एकालाच करणार होते. ती नोकरी दीपाला हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती.

मग घाटंजीच्या जिनिंगमध्ये कंट्रोलरची चाचणी झाली. तिथल्या मजूर लालीबाईने थांबवायचं बटण दाबलं, रोलर थांबला, म्हणून अडकलेला कापूस काढायला हात घातला, आणि रोलर पुन्हा फिरला. हात वाचला, बांगड्या फुटल्या.

दीपाने त्याच दुपारी कारण शोधलं. दोन माणसं घरातला मेन स्विच बंद करून काम करत असावीत, आणि ज्याचं आधी संपलं त्याने दुसऱ्याचा विचार न करता मेन चालू करून निघून जावं, तसं सरांच्या मॅक्रोचं होतं. बाहेरच्या फंक्शनने इंटरप्ट बंद केले, आतल्यानेही केले, आणि आतल्याने निघताना सरळ चालू करून टाकले. मशीन थांबवायचं काम अर्धवट असतानाच रोलरचा इंटरप्ट घुसला. दीपाने नवा मॅक्रो लिहिला. तो आधी रजिस्टर वाचून इंटरप्ट बंद होते की चालू ती जुनी स्थिती जपून ठेवी आणि निघताना तीच परत लिही.

पोरगी फटकळ. तिने हे जिनिंगच्या मालकासमोरच सांगितलं. "सर, चूक तुमच्या फाइलमध्ये हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हिने ती चारचौघांत उघडली. सरांचा चेहरा हलला नाही. त्यांनी मालकाला शांतपणे सांगितलं की मुलगी नवी आहे, मॅक्रो कुठे वापरायचा हे तिला कळलं नाही, आता हे काम अनिकेत बघेल.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी दीपाला नवा मॅक्रो अनिकेतला शिकवायला सांगितलं. जुना मॅक्रो जागोजागी चिकटलेला होता, आणि कोणतं फंक्शन कोणाच्या पोटात चालतं हे तिनेच माग काढून शोधलं होतं, त्यामुळे तिच्याशिवाय ते कोणाला जमणार नव्हतं. दीपा म्हणाली, आधी मला कायम करा. सरांनी आवाज चढवला नाही.

"नको शिकवूस. सोमवारी मशीन सुरू होणार आहे. हात लालीबाईचा जाईल, माझा नाही."

त्यांच्या तोंडावर थुंकावं असं दीपाला वाटलं. पण ती खुर्ची ओढून अनिकेतशेजारी बसली. तिने एकेक जागा दाखवली, जुनी स्थिती कुठे ठेवायची ते दाखवलं. तो नुसता मान हलवायला लागला की ती थांबे.

"समजलं नसन त इचार. बाईचा हात हाय तिथं."

अनिकेत मंद नव्हता, भित्रा होता. संध्याकाळपर्यंत त्याला सगळं आलं. टेबलावरचा चाचणीचा रोलर थांबला तो थांबलाच, आणि दीपाला खरंच आनंद झाला. क्षणभर तिला वाटलं की आता सरही मान्य करतील.

सर आले. त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं, मग अनिकेतच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता हिच्याशिवाय जमेल तुला?"

अनिकेतने स्क्रीनवरून नजर उचलली नाही.

"जमेल, सर."

सर दीपाकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले की जाताना कंपनीचा लॅपटॉप इथेच ठेवून जा.