दोन काठांवरची वच्छला

मी बपेऱ्याकडच्या घाटावरचा डोंगा. आता काठावर पालथा पडलोय. थकलोय, पण सांगायचं राहिलंय.

आंब्याच्या जुन्या खोडातून मला कोरलं. गोमाजी ढिवर मला हाकायचा. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्यप्रदेश. बाजार, सोयरीक, आजारपण, सगळ्यांसाठी माणसं माझ्यात बसायची.

चौऱ्याहत्तर साली ताराचंद आणि शकुनबाई आपल्या वच्छलाला घेऊन आले. त्यांच्या घरची बोली पवारी. पोरगी आठवडाभर गावच्या मराठी शाळेत गेली होती. वर्गात ती म्हणाली, "मोला बाहेर जानको से." मास्तर म्हणाले, "नीट बोल." पोरं हसली. तिनं पुन्हा विचारलंच नाही आणि बसल्या जागी परकर ओला झाला.

गोमाजीनं विचारलं, "काहून गा ताराचंदभाऊ, गावात शाळा असून पोरीले पार कायले नेऊन राहिला?"

"तिकडं हिंदी शिकवते. आपल्या बोलीले हिंदी जवळची. मामाचं घर बी आहे."

शकुनबाई मागून म्हणाली, "आपलं तहसील तुमसर. सारे कागद मराठीत. मंग हिंदी कायले?"

ताराचंदनं वच्छलाला उचलून माझ्यात बसवलं.

वच्छला रोज ये-जा करू लागली. पूर आला की मामाकडे राहायची. तिकडेही पोरं तिच्या बोलण्याला हसलीच. मग तिनं हिंदी अशी घोटली की बाई वर्गासमोर तिलाच वाचायला लावत. डोंग्यात बसून ती मोठ्यानं धडे म्हणायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं.

मॅट्रिक झाली. ताराचंद तिला मास्तरकीच्या शिक्षणासाठी भंडाऱ्याला घेऊन गेला. तिथे सांगितलं, मराठी विषय हवा. पलीकडे गेले, तर म्हणाले, तुम्ही आमच्या राज्याचे नाही. परत येताना बाप-लेक माझ्यात समोरासमोर बसले होते.

"मोरी का गलती से?" तिनं विचारलं.

गोमाजीनं वल्हं जरा जोरात मारलं.

तिचा धाकटा भाऊ घनश्याम शाळेच्या वयाचा झाला होता. या वेळी शकुनबाईनं कुणाला विचारलं नाही. गोमाजीला म्हणाली, "हा मराठी शाळेत जाईन. अन् घरी बी आम्ही मराठीच बोलू. याले कोनी हासाले नको." स्वतःची मराठी अडखळत होती, तरी तिनं ती घरात आणली. पवारी फक्त नवरा-बायकोत उरली, तीही हळू आवाजात.

वच्छलाचं लग्न पलीकडेच झालं. अठ्ठ्याऐंशीत ती लेकराला घेऊन माहेरी आली. शकुनबाई घाटावर थांबायचं सोडून माझ्यात बसून पार गेली होती, इतकी घाई तिला. वच्छला डोंग्यात बसताच शकुनबाईनं लेकरापुढे दोन्ही हात केले. एवढ्या वर्षांत आवरलेली बोली तोंडातून निघालीच, "मोरो जवर आव."

लेकरू आईला बिलगलं. "मम्मी, नानी क्या बोल रही है?"

वच्छलानं आईकडे पाहिलं. "कुछ नहीं," ती म्हणाली.

शकुनबाईनं हात मागे घेतले आणि पदर सारखा केला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझा तळ फुटला. आता मला चुलीत घाला, माझी ना नाही. फक्त ते लेकरू कधी भेटलं तर त्याला सांगा, आजी 'माझ्याजवळ ये' म्हणत होती.