मराठीतला ढावलो

माझी सासू सुखीबाई नदीत बुडून मेली, त्याला वर्ष उलटून गेलं. लोक म्हणतात, पुरात गेली. पुरात नाही गेली. रामरावनं घालवली.

रामराव गावचा पोलीस पाटील. धरणाचं पाणी सोडणार, नदीत कोणी उतरू नका, असा तालुक्यातून त्याला फोन आला होता. गावात त्यानं भोंग्यावर सांगितलं. आमचा बंजाऱ्यांचा तांडा वर माळावर, तिथे भोंगा ऐकू येत नाही. येऊन सांगायचं तर चिखल तुडवावा लागला असता. तो आलाच नाही. सासू रोजच्यासारखी बकऱ्या घेऊन नदीत उतरली. सापडली तेव्हा एका बकरीचं दावं तिच्या मुठीत होतं.

एवढंही मी गिळलं असतं. पण चौकशीला तालुक्याचे साहेब आले तेव्हा हा टोपी सावरत म्हणाला, "मी सोता जाऊन सांगतलं साहेब. पण या तांड्यातल्या लोकायले भाषाच समजत नाही." साहेबांनी मान हलवली. म्हणजे सासू जिवानं गेली ती गेली, वर अडाणीही ठरली. तेव्हापासून रामरावचं नाव निघालं की माझ्या अंगाची आग व्हायची. तो खोटं बोलला हे त्याच्याच तोंडून गावासमोर वदवायचं, एवढंच डोक्यात होतं.

साहेबांनी एक बरं केलं. यापुढे तांड्यालाही वेगळा फोन करायचं ठरवलं आणि माझा नंबर घेतला.

यंदा तो फोन भर दुपारी आला. इकडे कडक ऊन, पाऊस झाला होता वर पुसदकडे. तांड्यातली पोरं, बकऱ्या मी वर बोलावून घेतल्या. खाली गावचा भोंगा मात्र मुकाच. रामरावचं घर नदीला लागून, अगदी खालच्या गल्लीत. फोन चार्जिंगला लावून, जेवून झोपला असणार. मनात आलं, झोपू दे. खरंच आलं. मग त्याची बायको आठवली. विमलताई गुडघ्यांनी अधू, आणि सासू गेली तेव्हा गावातून भेटायला एकटी तीच आली होती. मी पळत खाली गेले.

त्याच्या ओट्यावर उभी राहून मी सगळा निरोप आमच्या गोरबोलीत ओरडून सांगितला. गल्ली जमा झाली. रामराव डोळे चोळत बाहेर आला.

"काय बोलून राह्यली वो तू? मराठीत सांग."

मी पुन्हा गोरबोलीतच सांगितलं.

"पाणी पाणी काय? कुठून, किती? समजत नाही मले!"

"भाषाच समजत नाही का, पाटील?" मी मराठीत विचारलं. "आता खरं सांगा. तुमी आलते का तांड्यावर?"

"आलतो ना," तो म्हणाला. नदी दाराकडे चढत होती, तरी खोटं सुटेना.

"धरणाचं पाणी सुटलं. भोंग्यावर सांगा अन् समदे माळावर चला," मी म्हटलं आणि विमलताईला पाठीवर घेतलं.

थोड्या वेळानं खालची गल्ली आमच्या देवळाच्या ओट्यावर बसली होती, बाकी गाव भोवती उभं होतं. समोर रामरावच्या घरात पाणी शिरत होतं. मला गोड वाटलं, लपवत कशाला? विमलताईनं माझा हात धरला. "शीला, तुह्या सासूच्या वक्ताले तू माह्या गळ्यात पडली नाहीस."

मग पडले. आमच्यात बायका गळ्यात पडून, मेलेल्या माणसाची सगळी कथा गाऊन रडतात. त्याला ढावलो म्हणतात. तो नेहमी गोरबोलीत असतो. मी मराठीत गायला. फोन कुणाला आला, चिखलाला कोण भ्यालं, साहेबांपुढे कोण काय बोललं, सगळं नावानिशी. तांड्याच्या बाया येऊन गळ्यात पडल्या आणि सूर धरू लागल्या.

विमलताईनं रडता रडता नवऱ्याकडे पाहिलं. "गेलते का तुमी?"

रामरावनं मान खाली घातली. "नाही गेलतो."

सगळ्या गावानं ऐकलं. मी थांबले नाही. पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

पुढे फुलसावंगीच्या बाजारात दुसऱ्या तांड्याची एक म्हातारी भेटली. माझी तिची ओळख नव्हती. मी सुखीबाईची सून, असं सांगताच तिनं मला गळ्याशी धरलं आणि तोच ढावलो सुरू केला, मराठीतच. रामरावचं नाव आलं तिथे तिचा आवाज चढला. कापूस विकायला आलेले लोक वळून बघत होते, आणि त्यांच्यात रामरावही उभा होता. म्हातारीला मी ते सांगितलं. तिनं आवाज आणखी चढवला.