शेपटाच्या मागे

बोरिवलीहून मुलुंडला जायला माणसं बस, रिक्षा, मिळेल ते पकडतात. जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही दिंडोशीच्या भटक्यांनी जंगल पकडलं. परवानगी काढलेली होती, वनखात्याचा रक्षक सोबत होता, आणि प्रत्येकाच्या पाठीवर गच्च भरलेली सॅक होती. पुढच्या महिन्यात घाटातल्या घळींमधून चार दिवस चालायचं होतं, त्याची ही तालीम.

आमच्यात सगळ्यात शेवटी चालणाऱ्याला शेपूट म्हणतात. पुढे असतात काशीरामकाका. जिथे दोन ओढे मिळतात तिथे ते दगड-काटक्यांचा बाण मांडून ठेवतात. सगळे पार झाले की शेपटाने तो मोडायचा, कारण जंगलात आपली खूण उरता कामा नये. झाडीत जायचं झालं तर सॅक वाटेवर काढून ठेवायची, म्हणजे शेपूट थांबतं. मुक्कामावर काका ओरडतात, "शेपूट?" उत्तर आल्याशिवाय कोणी डबा उघडत नाही.

मला कळतंय तेव्हापासून हे उत्तर बाबांचं. "आलं, आलं, हलत हलत आलं!" बाबा श्रावणात गेले. त्यानंतरची ही आमची पहिलीच चाल. शेपूट मी मागून घेतलं होतं.

"आज बघू," काका म्हणाले होते. "जमलं तर घाटातही तूच."

बाबांनी कधी कोणाला मागे सोडलं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात होती.

ओढ्याच्या पात्रातून चालायचं म्हणजे नजर पायाशी. गोल दगड, त्यांच्यामध्ये साचलेलं पाणी, पाण्यात खेकडे. दोन्ही बाजूंना ओला काळा कातळ आणि त्याला मुळांनी धरून राहिलेले उंबर. मान वर केली की अंधेरीकडे उतरणारं विमान दिसायचं, अगदी पोट दाखवत.

पहिल्या मुक्कामावर काका ओरडले, "शेपूट?"

बाबांचं ते उत्तर मी दिलं नाही. मी शिट्टी वाजवली. काकांनी नुसती मान डोलावली.

पुढे घळ अरुंद झाली. प्रबुद्ध, बँकेत काम करतो, माझ्याच वयाचा, तो बाबांच्या बरोबरीने चालत आलेल्या नंदाकाकूंच्या मागे होता. "काकू, बिबट्या आला तर तुम्ही पळणार कशा?"

"मी कशाला पळू रे? तुझ्यापुढे असले की झालं."

ते दोघं वळणाआड गेले. मी दुहेरी ओढ्यापाशी, दोन ओढे मिळतात तिथे, पोहोचले, तेव्हा वाटेवर कुठे सॅक दिसली नाही. बाण मोडला, दगड पाण्यात सोडले आणि पुढे निघाले. हाताला सवय असल्यासारखं सहज झालं ते. मला बरं वाटलं.

जेवणाच्या जागी काकांनी विचारायच्या आधीच प्रबुद्धने पाठीवरची सॅक उतरवली. मग छातीवरची.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"नंदाकाकूंची. गुडघा दुखत होता ना, म्हटलं मी घेतो. झाडीत जाऊन येते, तू हो पुढे म्हणाल्या." तो थांबला. "त्या तुझ्यासोबत नाहीत?"

कोणी डबा उघडला नाही. रक्षकदादा उठले, प्रबुद्ध उठला, मी त्यांच्याही पुढे. उन्हं कलून कातळाच्या निम्म्यापर्यंत चढली होती. अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढायचं होतं. बाण नसताना काकू डावीकडच्या ओढ्यात शिरल्या असतील, तर? मी शिट्टी फुंकत होते आणि मनात बाबांची माफी मागत होते.

"फुंकू नको गो एवढी, पाखरं पळाली सगळी!"

दुहेरी ओढ्यापाशी, जिथे मी बाण मोडला होता नेमक्या त्याच जागी, नंदाकाकू दगडावर बसल्या होत्या. पाय पाण्यात.

"काकू! तुम्ही इथेच?"

"मग खंय जाऊ? खूण नाय तर हलायचा नाय. नियम हा." त्यांनी प्रबुद्धकडे बोट केलं. "डबा सॅकेत आणि सॅक ह्याच्याकडे. आवळासुपारीवर जगतंय मी."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "बाबांनी असं कधी..."

"तुझ्या बापाशीन?" काकू हसायलाच लागल्या. "माका मागे टाकल्यान होता की! माथेरानच्या खाली. तिन्हीसांजेपर्यंत मी भटकतंय. मग तो धावत इलो, तोंड एवढासा. हलायचा नाय, हा नियम त्याच दिवशी केल्यान त्याने. आणि घरी सांगू नको म्हणून नेरळला भजी चारल्यान."

"घरी सांगितलं नाही तुम्ही?"

"भजी खाल्ली ना मी!"

मी हसले. मोठ्याने, घळीत घुमेल इतकं. बाबांची मला ठाऊक नसलेली गोष्ट अजून शिल्लक होती, आणि ती इथे दगडावर पाय भिजवत बसली होती.

उरलेल्या वाटेवर काकूंनी सॅक स्वतःच घेतली आणि दर वळणावर मागे वळून मला म्हणाल्या, "आहे हां मी!" मुलुंडच्या बाजूला झाडी विरळ झाली, इमारती दिसल्या. अजून ऊन होतं.

काका थांबले. "शेपूट?"

"आलं," मी म्हणाले. आवाज जरा चिरका होता. "हलत हलत आलं. मागे कोणी नाही, बघून आलंय."

"घाटातही तूच," काका म्हणाले. "तुझी चूक तर करून झालीय."

"थांबा," नंदाकाकू म्हणाल्या. "भजी?"

मुलुंडला गरम कांदाभजी मिळाली. माझ्या घरी सांगण्यासारखं आता कोणी नव्हतं, तरी काकूंनी दोन प्लेट खाल्ल्या आणि तोंड पुसत शपथ घेतली, की कोणालाही सांगणार नाही.