फुंकरीचं चीज

टेबलावरचं मखमली कापड ओढलं गेलं आणि गच्च भरलेल्या सभागृहात कुणी खाकरलंसुद्धा नाही. समोर काचेच्या दोन बरण्या होत्या. चाळीस दिवसांपूर्वी सगळ्यांच्या देखत चीजचा एकेक तुकडा टाकून त्यांची झाकणं लावली होती. डावीकडच्या तुकड्यावर हिरवी-काळी बुरशी दाट चढली होती. उजवीकडचा मात्र काल कापल्यासारखा पिवळाधमक.

"डावीकडचं साधं, बाजारातलं," गुरुजी म्हणाले. "उजवीकडच्यावर मी फुंकर घातली. एकच. दुसरी घातली असती तर बरणीसुद्धा अमर झाली असती."

लोक हसले, मग हसल्याबद्दल ओशाळले.

"जे स्वतः कुजत नाही, ते पोटात गेल्यावर तुम्हांला कुजू देईल का? मी डॉक्टरांना नावं ठेवत नाही. ते बिचारे शिकलेले आहेत, त्यांचा इलाज नाही."

पहिल्या रांगेत छोटीचा थोरला भाऊ बसला होता. छोटी आता बावन्न वर्षांची, चीजच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणारी, पण दादासाठी अजून छोटीच. दादाने उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली. बंद पडलेलं घड्याळ उघडून, भिंग लावून, कुठला दात झिजलाय ते पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तोच दादा आता डोळे मिटून तळहातावर चीजची वडी घेत होता. त्याच्या पायांना इतकी सूज होती की त्याने चपलांचे पट्टे सोडून ठेवले होते.

दादाच्या घरी गेल्यावर छोटीने फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात डबाभर वड्या. तिने एक जिभेवर ठेवली आणि लगेच ओळखली. पंचवीस वर्षं ती हीच चव तपासत आली होती.

"दादा, हे प्रोसेस्ड चीज आहे. आमच्याकडे असल्या लाद्या रोज निघतात. कुणीतरी वेष्टन काढून वड्या पाडल्यात."

"तुमचं ते कारखान्यातलं. हे गुरुजींचं."

"यात मीठ किती असतं ठाऊक आहे? आणि वर फॉस्फेट. तुझी मूत्रपिंडं निम्मीही चालत नाहीत. ते बाहेर कोण टाकणार?"

"तुला सगळ्यातच भेसळ दिसते, छोटी. नोकरीच तशी तुझी."

तिने वहिनीकडे पाहिलं. भांडी पुसता पुसता वहिनी म्हणाली, "दोन महिने झाले, गोळ्या बंद आहेत. रक्तही तपासलेलं नाही. सुई टोचली की वडीचा गुण उतरतो म्हणे."

छोटी पुढच्या सभेला गेली ती पिशवी घेऊन. गुरुजींचा दुसरा चमत्कार तिला पाठ होता. ते दोन तव्यांवर दोन चीजं वितळवत. साध्या चीजमधून तेल सुटून गोळा वेगळा पडे. "पाहा, हे रडतंय," गुरुजी म्हणत. त्यांचं मात्र साईसारखं एकजीव होई. मग ते विचारत, "कुणाला शंका?" आजवर कुणाला आली नव्हती.

"मला आहे," छोटी म्हणाली आणि मंचावर गेली.

तिने साधं चीज किसून तव्यात टाकलं. थोडं पाणी घातलं, पिशवीतून आणलेली पांढरी पूड चमचाभर टाकली आणि मंद आचेवर ढवळत राहिली. आधी तेल सुटू लागलं. मग ते तेल हळूहळू आत मुरलं आणि सात-आठ मिनिटांत तव्यात पिवळं, तुकतुकीत, एकजीव चीज तयार झालं.

"मी फुंकर घातलेली नाही," ती लोकांना म्हणाली. "ही पूड सोडियम फॉस्फेटची. ती तेल आणि पाणी बांधून ठेवते. कारखान्यात असंच करतात, आणि वेष्टनावर तसं छापतातही. ते लपवत नाहीत. लपवतात ते हे गुरुजी."

गुरुजी शांतपणे पुढे आले. "ताईंच्या हातालाही सिद्धी आली," ते म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

तरी छोटीने मंचावर मांडलेल्या त्याच दोन्ही बरण्या जवळ ओढल्या आणि झाकणं उघडली. डावीकडच्या झाकणाच्या आत ओल्या कापसाचा बोळा चिकटवलेला होता. उजवीकडचं झाकण कोरडं ठणठणीत.

"एकाला ओल, दुसऱ्याला कोरडी हवा," ती म्हणाली. "त्यात हे चीज तापवून जंतू मारलेलं, वर टिकाऊपणाची पूड घातलेली. गुरुजी, तुमच्या वडीवर हाच बोळा ठेवू या. राहू दे चाळीस दिवस."

"श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते."

"मग मघाशी चीजची कशी घेतलीत?"

इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई उठली, बोळा आणि एक वडी उचलून रुमालात बांधून घेऊन गेली. पंधरवड्याने तिने ती वडी दुकानाच्या फळीवर मांडली. वडीला मिशा फुटल्यासारखी बुरशी आली होती. पण तोवर गुरुजींनी गाव सोडलं होतं.

दादा त्या दिवशी सभेतून तडक घरी गेला होता. चारचौघांत बहिणीने आपल्याला मूर्ख ठरवलं, एवढंच त्याला कळलं. तो रुसला आणि हट्टाने दुप्पट वड्या खाऊ लागला. सहाव्या दिवशी त्याला आडवं पडलं की श्वास घेता येईना. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद छोटीपुढे ठेवला. "गोळ्या बंद, वर रोजचं इतकं मीठ आणि फॉस्फेट. उरलंसुरलंही गेलं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर."

यंत्राला जोडलेला दादा तिला म्हणाला, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. ती त्याचं पांघरूण सारखं करून बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. तिचा मुलगा आत होता. तिने हळूच विचारलं, "ताई, न कुजणारं चीज देणारे एक गुरुजी शेजारच्या गावात आलेत म्हणे. आणू का थोडं?"

छोटी थकली होती. तरी ती बाकावर टेकली आणि पहिल्यापासून सांगू लागली. पूड, तवा, कापसाचा बोळा, दादा.

"तुमच्या मुलाने काय खायचं ते आतल्या डॉक्टरीणबाईंना विचारा, मला नाही आणि त्या माणसाला तर नाहीच. घरात बाकीच्यांना चीज हवंच असेल तर साधं आणा. दूध, विरजण, ते घट्ट करणारं रेनेट आणि मीठ, एवढंच ज्यात असतं ते. तेही बेताने. वेष्टनावरची यादी वाचा. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. आणि मावशी, अन्न कुजतं यात काही वाईट नाही. कुजत नाही म्हणून कुणी दाखवलं, तर पाया पडायच्या आधी झाकण उघडून पाहा."

म्हातारीने मान डोलावली. मग जरा थांबून म्हणाली, "पण तुमच्या दादांची श्रद्धा कमी पडली असेल का हो?"

छोटी तिच्याकडे वळून बसली आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागली.